आदल्या दिवशीची गाडी

आगाशेसरांना पुण्याला जायचं असलं, की ते आदल्या दिवशी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर जाऊन पुण्याची गाडी सुटताना बघून येत. गाडी कोणत्या फलाटाला लागते, गर्दी कुठून घुसते, खिडकीची काच वर सरकते की नाही, हे पाहायचं. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत थांबायचं आणि चालत मांडवीला घरी यायचं. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने जायचं. स्टँडवरचा कंट्रोलर त्यांना ओळखत असे. "सर, आज बघायला, की बसायला?" असं तो विचारी.

सर पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवत. मी एका स्थानिक दैनिकात वार्ताहर होतो आणि त्यांच्या शेजारी भाड्याने राहत होतो. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय बातमीदार" म्हणत. उंच, किंचित वाकलेले, बोलताना सदऱ्याचं वरचं बटण लागलंय ना, हे चाचपून बघणारे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पहिल्यांदा म्हणून काही करू नये. जे करायचं ते दुसऱ्यांदा." हर्नियाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते दवाखान्यात जाऊन त्या खाटेवर पडून आले होते. भाचीच्या लग्नाआधी त्यांनी रिकाम्या कार्यालयात वहिनींना बोहल्यापाशी उभं केलं होतं. वहिनी हे सांगून वर म्हणत, "आमचं लग्न तेवढं एकदाच झालं. त्याची रुखरुख अजून आहे हो त्यांना."

लोक हसत, ते सरांना ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "मी भित्रा माणूस आहे. भित्र्याने हुशारीच्या भरवशावर राहू नये." सरांना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली, की मांडवीत अजून गाडीचा किस्सा सांगितला जातो. मला मात्र दोन हजार एक सालचा पावसाळा आठवतो.

त्या वर्षी मनीषा शिगवण नावाची विद्यार्थिनी केमिकलच्या डिप्लोमाला कॉलेजात पहिली आली. मूळची मंडणगड तालुक्यातली. वडील गंगाराम शिगवण चिपळूणच्या पुढे लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिफ्टवर कामाला होते आणि तिथेच खोली घेऊन राहत. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळत असे. जागा मोजक्या, त्यातली फीमाफीची एकच, आणि अर्ज राज्यभरातून. शिगवणांच्या घरातून फी भरून शिकणं शक्य नव्हतं, तेव्हा मनीषाच्या दृष्टीने जागा ती एकच होती. लेखी परीक्षा ती पास झाली. उरली मुलाखत.

मुलाखतीची तालीम सरांच्या पडवीत झाली. पॅनेलवर सर, मी आणि पलीकडच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर भाऊ. मनीषाला फाटकातून आत यायला सांगितलं, दारावर टकटक करायला लावली, खुर्ची न ओढता बसायला शिकवलं. सरांनी डिस्टिलेशनचे प्रश्न विचारले. तिने सगळे सोडवले. मग भाऊंची पाळी आली.

"शिगवण म्हणजे मंडणगडातले कुठले गो तुम्ही?"

"भाऊ, इंग्रजीत विचारा," सर म्हणाले.

भाऊंनी घसा साफ केला. "हूज डॉटर आर यू?"

मनीषाने सांगितलं. भाऊंनी मग वडील काय करतात, आजोळ कुठलं, भावंडं किती, पोस्टात एक शिगवण आपल्याबरोबर होता तो तिचा कोण, अशी सगळी चौकशी इंग्रजीत केली. तिने प्रत्येकाचं उत्तर दिलं. मीही माझ्या पाळीला घर, गाव, शेती यांवरच विचारलं. आमच्याकडे नवा माणूस आला, की त्याला याशिवाय दुसरं काय विचारतात? सर खूश होते. "घरच्या प्रश्नांना अडखळत नाही. छान." पुढचा आठवडाभर तीच तालीम रोज झाली.

पुण्याहून ती परत आली तेव्हा सर पडवीतच येरझारा घालत होते. ती पायरीवरच थांबली.

"काय विचारलंन?"

"टेल अस अबाउट युवरसेल्फ."

"मग?"

"मी सगळं सांगितलं सर. बाबांची शिफ्ट, गाव, आजोळ, भावाची शाळा. सगळं न चुकता. ते म्हणाले, हे घराबद्दल झालं, आता तुमच्याबद्दल सांगा. मला काही सुचलंच नाही. मी म्हटलं, दॅट इज ऑल."

"आणि डिस्टिलेशन?"

"ते सगळं आलं."

सर खाली बसले. बटण चाचपलं. "चूक तुझी नाही," ते म्हणाले. "तालीम चुकली. आपण भलत्याच नाटकाची केली." त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं वहिनींनी मला दुसऱ्या दिवशी कुंपणावरून सांगितलं.

यादी लागली. फीमाफीच्या जागेवर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. प्रतीक्षा यादीत मनीषा पहिली. जागा सुटली तर विद्यापीठ फोन करणार होतं, आणि शिगवणांकडे फोन नसल्याने नंबर सरांचा दिलेला होता. इकडे गंगाराम शिगवणांनी कारखान्यातल्या एका साहेबांना धरून मुलीसाठी लॅबमध्ये ट्रेनीची जागा मिळवली होती. ती घेतली नसती तर तीही गेली असती. सरांनी तिला घ्यायला सांगितलं. एवढंच नव्हे, रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ते तिच्याबरोबर लोट्याला जाऊन कारखान्याचं गेट बघून आले. वॉचमनकडून कंपनीच्या बसच्या वेळा विचारून घेतल्या, गंगारामांना भेटले. आल्यावर मला म्हणाले, "पास होण्याची तालीम सगळेच करतात. नापास झालो तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे उभं राहायचं, तेही बघून ठेवावं."

मग फोनची वाट बघणं सुरू झालं. फोन बंद पडला तर? वाजला आणि ऐकूच आला नाही तर? सर रोज कॉलेजातून येताना कोपऱ्यावरच्या पीसीओतून स्वतःच्या घरी फोन लावत. वहिनी उचलत.

"मी बोलतोय. वाजला ना?"

"वाजला."

"ठेव, ठेव. लाइन मोकळी राहू दे."

सुरुवातीला दिवसातून एकदा, मग जेवणाच्या सुट्टीतही. वहिनी वैतागल्या. "पुण्याचा फोन यायचा तेव्हा येईल, पण यांच्या फोनने माझा भात लागतो," असं त्यांनी मला ऐकवलं. सरांना झोप लागेनाशी झाली होती. वर्तमानपत्रात घाटात दरड कोसळल्याची बातमी आली, की ते सकाळीच माझ्या दारात येत. "किती दिवस बंद राहील रे? नक्की विचार." जागा अजून सुटलीही नव्हती आणि ते रस्त्याची काळजी करत होते.

फोन आला तो दुपारी. मी रजेवर होतो आणि सरांच्या पडवीत पेपर वाचत बसलो होतो. सरांना त्या दिवशी उशिराचा तास नव्हता, म्हणून ते लवकर घरी आले होते. नुकतेच पुन्हा बाहेर पडले होते, बहुधा पीसीओकडेच. आत फोन वाजला. वहिनींनी कढई तशीच सोडून, हात पुसत उचलला आणि पलीकडचा आवाज ऐकायच्या आतच म्हणाल्या, "वाजतोय हो, वाजतोय! ठेवा आता!" आणि त्यांनी ठेवून दिला.

तेवढ्यात सर फाटकातून आत आले.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. "तुम्ही इथे? मग आता कोण होतं?"

सर फोनसमोर जाऊन उभे राहिले. आम्ही तिघेही उभे होतो. गॅसवर काहीतरी करपत होतं, पण कुणी हललं नाही. पुन्हा फोन करायला पुण्याच्या त्या माणसाला काही कारण नव्हतं; यादीत पुढचं नाव त्याच्या समोरच असणार. सरांचा हात बटणावर होता.

फोन पुन्हा वाजला. सरांनी उचलला. पलीकडचा कारकून आधी रागावला, मग त्याने निरोप दिला. फीमाफीचा मुलगा दुसरीकडे गेला होता. मनीषा शिगवण यांनी उद्या दुपारपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर व्हावं. नाही तर जागा पुढच्याला.

मनीषा लोट्याला होती, कागद तिच्या वडिलांच्या खोलीत. रत्नागिरीहून लोट्याला जाऊन, तिला घेऊन, मागे चिपळूणला येऊन घाटातून जाणारी संध्याकाळची पुण्याची गाडी पकडायची होती. त्या गाडीबद्दल सरांना काहीही माहीत नव्हतं. ती त्यांनी कधी बघितलेली नव्हती.

"चल," ते मला म्हणाले. पायात घरातल्या स्लिपरा होत्या.

"अहो, छत्री!" वहिनी मागून ओरडल्या. सर तोवर रस्त्यावर पोचले होते. छत्री मी घेतली.

स्टँडवर मुंबईकडे जाणारी जी पहिली गाडी मिळाली, तिच्यात आम्ही चढलो. कंट्रोलरने काहीतरी विचारलं, सरांनी ऐकलं नाही. सगळा रस्ता ते समोरच्या सीटची दांडी धरून बसले होते. संगमेश्वरच्या पुढे एकदाच बोलले. "लोट्याला गेट कुठे आहे ते तरी आपल्याला माहीत आहे."

गेटवर पोचलो तेव्हा शिफ्ट सुटत होती. कंपनीच्या बसेस रांगेने उभ्या होत्या, माणसं छत्र्या मिटून आत चढत होती. वॉचमनने सरांना ओळखलं. "तुम्ही त्या दिवशीचे सर ना? बसच्या वेळा विचारणारे?" त्याने लगेच आत निरोप पाठवला. मनीषा आली, तिच्या मागून गंगाराम. हडकुळे, पांढऱ्या दाढीचे खुंट, हातात डबा.

सरांनी एका वाक्यात सांगितलं. मनीषाने वडिलांकडे पाहिलं. गंगारामांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"सर, मी सायबांना शबुद दिलाय," ते म्हणाले. "पोरगी आठ दिसांत पळाली, तर मना गेटात कोन उभा करील? आनि तिकडं जमला न्हाय, परत आली, तर ह्ये पन गेला. मंग काय करायचा?"

सरांकडे या प्रश्नाचं उत्तर नेहमी असे. "ते मला माहीत नाही, गंगारामभाऊ," ते म्हणाले. "या वेळी मी काहीच बघून आलेलो नाही. चिपळूणची गाडी किती वाजता आहे, तेही मला ठाऊक नाही."

गंगारामांनी सरांच्या पायांकडे पाहिलं. स्लिपरा चिखलाने भरल्या होत्या.

"त्या दिशी तुमी आमचा गेट बगाया आलाव," ते सावकाश म्हणाले, "तवा मी हिच्या आयशीला सांगितला, ह्यो मानूस फाटकसुदा तपासून घेतो. आन आज काय न बगता निगालाव." ते मनीषाकडे वळले. "जा गो. खोलीवरनं कागद घे. सायबांचा मी बगतो."

त्यांनीच एका ट्रकवाल्याला थांबवून आम्हाला चिपळूणपर्यंत बसवून दिलं. मनीषाच्या हातात त्यांनी आपला डबा दिला होता. चिपळूणला पुण्याची गाडी फलाटाला लागलेली होती. सर आणि मनीषा धावत चढले. मी खाली उभा राहिलो. छत्री सरांना द्यायची राहून गेली.

पुढचं मला मनीषाने नंतर सांगितलं. घाटात गाडी दोनदा थांबली. दोन्ही वेळा सर उठून ड्रायव्हरपर्यंत गेले आणि परत येऊन बसले. सकाळी ती दोघं विद्यापीठाच्या मोठ्या फाटकासमोर पोचली. तिथे मुलंमुली मोटारींतून उतरत होती, आपसात इंग्रजीत बोलत होती. मनीषाचे पाय थांबले. तिला वाटलं, इथूनच परत फिरावं, लोट्याची उद्याची पाळी अजून गाठता येईल.

"कागद माझ्याकडे दे," सर म्हणाले. "नुसती आत जा. त्या झाडापर्यंत. आणि परत ये."

ती गेली आणि परत आली. वॉचमन बघत राहिला.

सरांनी कागद तिच्या हातात दिले. "हं. आता दुसऱ्यांदा जा."

प्रवेश झाला. मनीषा शिगवण तिथून इंजिनिअर होऊन बाहेर पडली. सर त्याच दिवशी पुण्याहून निघाले. ते रात्री जेवायला घरी येतील, या हिशेबाने वहिनींनी पानं घेतली होती, पण ते आले नाहीत. वहिनींनी मला दोनदा फाटकापर्यंत पाठवलं. घाट बंद झाला की काय, म्हणून मी ऑफिसात फोन करून विचारलं. घाट चालू होता.

सर आले ते फार उशिरा, त्याच स्लिपरांत. वहिनींच्या जिवात जीव आला आणि मग त्या चिडल्या. "होतात कुठे इतका वेळ?"

"चिपळूणला उतरलो होतो," सर म्हणाले. "ती संध्याकाळची पुण्याची गाडी सुटताना बघितली."

"अहो, पण मनीषा त्या गाडीने कालच गेली ना?"

"गेली ना," सर पायरीवर बसत म्हणाले. "म्हणून तर. बघायची राहिली होती."