समुद्र पाहिला तो रविवार

आज बाजारात सुकटीचा वास आला आणि समुद्रकाठचा तो रस्ता आठवला.

मी चौथी पास झाले होते. आमच्या आदिलाबादकडच्या उटनूरच्या वसतिशाळेच्या परीक्षेसाठी मास्तरांनी माझा फॉर्म भरला होता. बाबा म्हणाले, "परीक्षा पुढं ढकलली. चला, समुद्र पाहू." ज्यांनी आम्हाला कधी जत्रेला नेलं नाही, त्यांनी भाड्याची जीप आणली. आई-बाबांच्या आधी मीच आनंदानं चढून बसले.

रविवारी समुद्राकाठच्या एका गावात चहासाठी थांबलो. समोरच्या शाळेतून माझ्याएवढ्या मुली पॅड छातीशी धरून बाहेर येत होत्या. फाटकावरचं तेलुगू मी अक्षरं लावून वाचलं. वसतिशाळांची पाचवीची प्रवेश परीक्षा.

"बाबा, परीक्षा तं आजच हाये!"

आईनं मान खाली घातली. तिलाही माहीत होतं.

"पोरीले हॉस्टेलात ठेवून लोकाईचं कोन आयकंल?" बाबा म्हणाले. "आता समुद्र पाह्यशीन ना? आपल्या गावात कोनं पाह्यला?"

पाण्यात उतरल्यावर लाट ओढून नेईल म्हणून त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. पाणी कोमट होतं. रडू येत असूनही मला ती मायाच वाटली.

आज मी तेव्हाच्या बाबांहून मोठ्या वयाची आहे, आणि ते मनगट सोडवून घ्यावंसं वाटतं.