अनवाणी चर्च

आता स्वतःची फजिती स्वतःच्याच तोंडाने कशी सांगू? पण चहाला थांबलाच आहात, तर ऐका.

लग्नानंतरचा माझा पहिला हिवाळा. अमेरिकेत, नेपरव्हिलला, बर्फ बघून बघून मी पार गोठले होते, म्हणून कौस्तुभने मार्चमध्ये अ‍ॅरिझोनाची तिकिटं काढली. सोबत त्याचा मित्र अमेय आणि अमेयची बायको ऋचा. भाड्याची गाडी, मांडीवर चिवड्याचा डबा. अजून तो प्रवास आठवला की जीव हळवा होतो.

ऋचा नागपूरची, तोंडाने फटकळ. मी अबोल, त्यातून नवी. या लोकांत आपलं हसं होऊ नये, एवढीच माझी धडपड! कॉफी मागवायची तरी आधी पुढचा माणूस काय बोलतो ते पाठ करायची.

सुपरस्टिशन डोंगर मात्र बघताक्षणी आवडले. लालसर, उघडेबोडके कडे. पायथ्याशी ताडमाड निवडुंग, हात वर करून शरण आल्यासारखे. सोन्याच्या खाणीचं ओसाड गाव पाहिलं, पोटभर धूळ खाल्ली आणि दुपारी पायथ्याच्या एका म्युझियममध्ये पोचलो. आवारात एक चिमुकलं, पांढरं, लाकडी चर्च.

किती महिन्यांनी देवाचं दार दिसलं हो! मी बूट काढले, पायरीशी नीट जोडून ठेवले.

“अगं, इथे नाही काढत,” कौस्तुभ कुजबुजला.

“देव तो देव. काढ.”

नवा नवरा! काढले बिचाऱ्याने. त्याचं बघून अमेयने, अमेयचं बघून ऋचाने.

मी पुढच्या बाकावर डोळे मिटून बसले. सांगलीला आम्ही देवळात शिरलो की बाबा बाहेर चपला राखत उभे राहायचे. ते आठवलं आणि मनातल्या मनात देवाकडे एक मागणं मागून टाकलं.

डोळे उघडले, तर दारात एक अमेरिकन आजी, आमच्या बुटांकडे बघत. “शूज ऑफ?” त्यांनी हळूच विचारलं.

‘नाही’ म्हटलं असतं तर पुढे समजावून सांगावं लागलं असतं. इंग्रजीत! मी मान डोलावली.

संपलं! आजी टूर बसमधून आल्या होत्या. त्यांनी मागच्या सगळ्यांना दटावलं. एक आजोबा काउबॉय बूट उपसताहेत, बायको त्यांना मागून धरतेय, कुणाच्या मोज्यात निवडुंगाचा काटा!

“वहिनी, बुटांची लाइन पार्किंगपर्यंत गेली यार!” अमेय म्हणाला.

ऋचा कशाला गप्प बसते? “कौस्तुभ, तुझी बायको बोलत नाही म्हणतोस ना? न बोलता अख्खी बस अनवाणी केली तिने!”

तेवढ्यात हॅटवाले गाइड आले. “हे कुणी सुरू केलं?”

सगळी बोटं माझ्याकडे. आजी तर अभिमानाने म्हणाल्या, “या गोड मुलीने!”

गाइडनी हॅट काढून छातीशी धरली. “मॅडम, फार छान वाटलं. पण हे खरं चर्च नाही. सिनेमाच्या शूटिंगसाठी उभारलेला सेट आहे.”

मग असा हशा, की छप्पर उडतंय की काय! काउबॉय बूटवाले आजोबा बाकावर आडवे झाले. आजी मला मिठी मारून डोळे पुसत होत्या, आणि खरं सांगते, त्या मिठीत मीही खदखदून हसत होते. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच.

गाडीत कौस्तुभने विचारलं, “एवढं डोळे मिटून मागितलंस तरी काय गं?”

“म्हटलं, देवा, इथल्या लोकांत माझं हसं होऊ देऊ नकोस.”

त्याला गाडी कडेला घ्यावी लागली.

देवाला तरी काय बोल लावू? तो बिचारा तिथे नव्हताच!