कौसाबाईंचे पाच खडे

कौसाबाई चहासुद्धा सरळ पीत नसत. आधी बशीत ओतायच्या, कपाच्या तळाशी काय उरलंय ते निरखायच्या, मग घोट घ्यायच्या. "बगून घेतलेलं बरं," म्हणायच्या. धाराशिवच्या एका डाळमिलमध्ये तुरीची डाळ निवडण्यात उभा जन्म गेलेला. विश्वास म्हणून कुणावर नाही.

मग माझ्यावर कुठून असणार? मी फॉर्म घेऊन गेलेला माणूस. जिल्ह्यातले छोटे कारखाने नव्या तंत्रज्ञानाला कितपत तयार आहेत, हे ठरवणं माझं काम. मिल 'तयार' निघाली तर मालकाला डाळ निवडायचं मशीन अनुदानात मिळणार आणि कौसाबाईंसकट नऊ बायका घरी बसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमचं काही विचारलंय का यात, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. मी 'कामगारांची तयारी' हा रकाना दाखवला.

"ह्ये कोण सांगणार?"

"मालक," मी म्हणालो. त्या पुन्हा सुपाकडे वळल्या.

मशीन चाचणीला आलं तेव्हा सगळी मिल भोवती जमली. कॅमेरा रंग ओळखायचा आणि काळा, डागी दाणा फटकन बाजूला उडवायचा. मालक खूश. मी मात्र कौसाबाईंकडे बघत होतो. वर डाळ ओतली जात असताना त्यांचा हात कनवटीकडे गेला आणि डाळीवरून फिरला. थोड्या वेळानं त्यांनी खालच्या निवडलेल्या डाळीत बोटं घातली आणि डाळीच्याच रंगाचे पाच पिवळट खडे काढून मालकापुढं धरले. मशीनच्या कंपनीचा माणूस गोरामोरा झाला.

बाई भलतीच पोचलेली आहे, असं मला वाटलं. मी मालकाला बाजूला घेऊन डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. रकान्यात लिहिलं: 'विरोध. चाचणीत लबाडी.' मशीन आलं. बायका गेल्या.

चार महिन्यांनी एका वसतिगृहानं पोती परत पाठवली. डाळीत खडे, त्याच पिवळट रंगाचे. मालकाचा फोन आला. मी तडक कौसाबाईंचं घर गाठलं. त्या दारात बसून कुणाच्या तरी लग्नाची डाळ निवडत होत्या. मी विचारलं, "मावशी, ते खडे तुम्हीच टाकले होते ना?"

"व्हय, म्याच टाकले. आपल्या रानातल्या तुरीत असलेच खडे येतेत. ते मशीनला दिसायला पायजेत का न्हाय?" हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या, "तुमी मला टाकताना बगितलं, ते म्या बी बगितलं. वाटलं, साहेब इचारतील."

बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन हिंडणारा मी. हा एक तेवढा विचारला नव्हता. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

मालक परत बोलावणार का, असं त्यांनी विचारलं. त्यानं दुसरं, महागडं मशीन मागवलंय, हे मला सांगावं लागलं. त्यांनी सुपातून एकेक करून पाच खडे वेचले, कागदाच्या पुडीत बांधले आणि पुडी माझ्या हातावर ठेवली.

"त्ये मशीन येईल, तवा तुमी टाका," म्हणाल्या. "तुमच्यावर कोण संशव घेणार न्हाय."