शॉर्टस्टॉपचं वाण

आमच्या डोक्यावर राहणाऱ्या बाईला मी मनातल्या मनात 'वरची' म्हणायचे. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या त्या अपार्टमेंटात आम्ही तळमजल्यावर आणि ती वरच्या मजल्यावर. शिवाय ती सगळ्याच बाबतीत वर होती. ती पुण्याची, मी नागपूरची. तिचा स्वतःचा व्हिसा, स्वतःची नोकरी, स्वतःची गाडी. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, काम करायला बंदी. सकाळी ती टकटक जिना उतरून जायची आणि मी कुकर लावायचे. पोटात दुखायचं का? दुखायचं. खोटं कशाला बोलू!

हे दोन हजार पाच सालचं. दुपारी करायचं काय, म्हणून मी टीव्ही लावायचे, आणि टीव्हीवर दुपारी बेसबॉल असायचा. पहिले काही दिवस काही म्हणजे काही कळलं नाही. मग हळूहळू कळलं आणि मग मला वेडच लागलं. शिकागोत दोन टीम आहेत आणि दोघींच्या चाहत्यांचं एकमेकांशी पटत नाही. आमची कुठली ते सांगत नाही, उगीच भांडण नको. पण त्या टीमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो तो, तो माझा. बॅट हातात घेतली की बिचारा हमखास आउट. पण चेंडू त्याच्या बाजूला आला की बाप्पा! लोळण घेऊन उचलायचा आणि उठायच्या आत फेकलेला असायचा. त्याचं कोणी फार कौतुक करायचं नाही. मला वाटायचं, दिवसभर घर सांभाळणाऱ्या बाईचं तरी कुठे कोण करतं!

दूध आणायला गेले की दुकानात पैसे द्यायच्या जागेजवळ बेसबॉल कार्डांची पाकिटं टांगलेली दिसायची. आत कुणाची कार्डं आहेत ते फोडल्याशिवाय कळत नाही. मी एक घेतलं, मग दर फेरीला एक. आमच्या टीमची तेवढी ठेवायची, बाकीची शेजारच्या पोरांना वाटायची. नऊ कप्प्यांची प्लॅस्टिकची पानं मिळतात, ती फायलीत लावली. उन्हाळा संपेपर्यंत आमची टीम जवळजवळ पूर्ण झाली. सगळे आले. नुसते चेंडू टाकणारे पिचरच इतके आले की त्यांची पंगत बसवावी. एकच कप्पा रिकामा राहिला. कुणाचा ते काय सांगू?

"कॉम्प्युटरवर बोली लावून मिळतं की," नवरा म्हणाला. "ऑर्डर करू का? आज क्लिक केलं की पुढच्या आठवड्यात दारात."

"मुळीच नाही," मी म्हटलं. "पाकिटातूनच निघाला पाहिजे. विकत आणलेल्या पुरणपोळीला आपण केली म्हणायचं का?"

"कठीण आहे यार तुझं," म्हणून तो लॅपटॉपमध्ये घुसला.

एका शनिवारी वरची माझ्याकडे आली. तिला विरजण हवं होतं. टेबलावर फाईल उघडीच होती. "अय्या, हे काय गं? कसलं क्यूट आहे!" मी तिला सगळं समजावून सांगितलं. कशाला सांगितलं, देवाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी तिने ग्रोसरी करताना गंमत म्हणून एक पाकीट उचललं. आयुष्यातलं पहिलं पाकीट. संध्याकाळी खाली येऊन म्हणते, "बघ गं, हा तिसऱ्या बेसवाला तुमच्याच टीमचा आहे ना? कसला गोड हसतोय!"

माझा शॉर्टस्टॉप. तिच्या हातात. आणि ती त्याला तिसऱ्या बेसवाला म्हणत होती!

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की काय सांगू. मी उन्हाळाभर पाकिटं फोडतेय आणि हिला पहिल्या झटक्यात. दैव देतं तेही नोकरीवाल्यांनाच. पण चेहऱ्यावर दाखवलं तर नागपूरचं नाव जाईल. मी म्हटलं, "हो, आमचाच. बरा आहे."

"तुला हवाय का?"

तिने विचारलं होतं, अगदी सरळ विचारलं होतं. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "छे गं, ठेव तू. मला काय करायचंय?"

त्याच्या पुढची चीड वेगळीच. तिने तो फ्रिजवर लावला. मॅग्नेटने! वांग्याच्या आकाराचं मॅग्नेट, नेमकं त्याच्या ग्लोव्हवर. बाजूला शेगडी, कुकरची वाफ, फोडणीचा तडतडाट. मी काही ना काही निमित्त काढून वर जायचे आणि त्याला बघून यायचे. एकदा फार धीर करून म्हटलं, "त्याच्यावर तेल उडतंय बघ." ती म्हणाली, "उडू दे गं, मराठी घरात आलाय, फोडणीची सवय व्हायला नको?" आणि खदाखदा हसली. मीही हसले. घरी येऊन रिकाम्या कप्प्याकडे बघत बसले आणि नवऱ्याला विनाकारण बोलले.

मी आडून आडून खूप सुचवलं. माझ्याकडे दोन-दोन असलेले खेळाडू तिला दाखवले, "यातला आवडला तर घे, बदल्यात काहीही दे" म्हटलं. तिने बदल्यात लिंबाचं लोणचं दिलं.

मग जानेवारीत संक्रांत आली. बाहेर गुडघाभर बर्फ. काळ्या साड्या, त्यावर फुगीर जाकिटं, पायात स्नो बूट, अशा आम्ही बायका वरचीकडे हळदीकुंकवाला जमलो. तिच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. मी मदतीच्या बहाण्याने लवकर गेले आणि आधी फ्रिजकडे पाहिलं. वांगं होतं, शॉर्टस्टॉप नव्हता.

"तो कुठे गेला?" मी विचारलं.

"सरप्राइज आहे," वरची म्हणाली. पण तिच्या सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. सांगू लागल्या, "अगं, दर वर्षी त्या वाट्या नि डबे. यंदा सूनबाई म्हणाली, अमेरिकन वाण लुटू या. डबाभर कार्डं आणलीन. एकेका पिशवीत तिळगूळ आणि एकेक कार्ड. मी म्हटलं, वाण आहे ना, मग हळदीकुंकू लावल्याशिवाय द्यायचं नाही. एकेकाच्या कपाळाला लावलंय बघ मी."

कार्डाला! कुंकू! जगात कुठलाही कार्ड जमवणारा माणूस हे ऐकून चक्कर येऊन पडला असता. साध्या बोटाचा डाग पडला तरी लोक हळहळतात, आणि इथे आख्ख्या टीमला औक्षण केलेलं. तरी माझा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. मी हळूच विचारलं, "फ्रिजवरचा तो हसरा कुठल्या पिशवीत आहे हो?"

"त्याची पिशवी मी सगळ्यात आधी भरली."

माझं डोकं चालायला लागलं. ताटात पिशव्यांची चळत होती, एकीवर एक. आधी भरली म्हणजे तळाशी. तळाशी म्हणजे शेवटच्या बाईला. मी पदर खोचला.

वरचीने मला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. "तू इथे बस हं. तुझ्यापासून सुरुवात करते, मानाची तू." मानाची म्हणे! पहिली बसवून चळतीतली सगळ्यात वरची पिशवी माझ्या गळ्यात मारणार, आणि माझा शॉर्टस्टॉप जाणार दुसऱ्याच कोणाच्या तरी पर्समध्ये. एवढ्यात एका मैत्रिणीची मावशी आली, कोल्हापूरची, भाचीकडे महिनाभर राहायला आलेली. गुडघे दुखत होते. मी टुणकन उठले. "मावशी, तुम्ही बसा इथे, दाराशी बरं पडेल." सगळ्या म्हणाल्या, किती समजूतदार आहे! मी जाऊन पार टोकाला, टीव्हीच्या बाजूला, शेवटची बसले.

वरची हळदीकुंकू लावत, अत्तर लावत पुढे निघाली आणि मागून सासूबाई पिशव्या देत आल्या. मावशींनी लगेच पिशवी उघडली. "अगं बाई, हा कोण मेला? किती गोड हसतोय!"

तोच. कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेला, नवरदेवासारखा.

माझी पिशवी निघाली शेवटी. आत आमच्या टीमचा मॅनेजर, गाल फुगवून च्युइंग गम चघळणारा. तो माझ्याकडे आधीच होता.

मावशी सगळ्यांना विचारत होत्या, हा करतो काय? कोणालाच सांगता येईना. मला राहवलं नाही. मी तिथून उठून जाऊन सांगितलं, तो कुठे उभा राहतो, चेंडू कसा अडवतो, लोळण कशी घेतो. सांगता सांगता माझा आवाज चढला. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "एवढं माहीत आहे तुला? तुझा कोण लागतो गं हा?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"देऊन टाकलं असतं बाई तुला," त्या म्हणाल्या, "पण संक्रांतीचं वाण कोणी देऊन टाकतं का?" आणि त्यांनी तो नीट पर्समध्ये ठेवला.

सगळ्या गेल्यावर मी कपबशा गोळा करत होते. वरची स्वयंपाकघरात आली आणि माझ्यावर वस्सकन ओरडली. "तू उठलीस कशाला तिथून? तुला म्हटलं होतं ना पहिली बस म्हणून! आईंनी भरलेली ती पिशवी मी तळातून काढून वर ठेवली होती. तुझ्यासाठी."

माझ्या हातात बशी तशीच राहिली. "मग एवढे महिने सरळ का नाही दिलास?"

"दिला होता की! पहिल्या दिवशीच विचारलं होतं. 'मला काय करायचंय' म्हणालीस. मग रोज वर येऊन त्याला बघत बसायचीस. मला काय दिसत नव्हतं? म्हटलं, वाण म्हणून दिलं तर हिला नाही म्हणता येणार नाही." ती ओट्याला टेकली. "हे हळदीकुंकू त्यासाठीच एवढं थाटात केलं गं मी."

मी बशी विसळून ठेवली. तिने मला उरलेले तिळाचे लाडू बांधून दिले आणि मी जिना उतरून घरी आले.

नंतर नवऱ्याने मला न सांगता कॉम्प्युटरवर बोली लावली. कार्ड आलं, कडक प्लॅस्टिकमध्ये, कोपरे धारदार, एक डाग नाही. मी ते रिकाम्या कप्प्यात सरकवलं. वरची खाली आली, पान पाहून म्हणाली, "झालं की गं पूर्ण!" पुढे ती टेक्सासमधल्या फ्रिस्कोला गेली, जाताना मला मिठी मारून रडली. मीही रडले, आणि तिच्या नव्या मोठ्या घराबद्दल थोडं जळलेही.

मावशी कोल्हापूरहून मधून मधून फोन करतात. त्यांनी तो कार्डवाला आरशाच्या चौकटीत खोवून ठेवलाय. आल्या-गेल्या बायका विचारतात, हा कोण? मावशी सांगतात, नागपूरच्या एका पोरीचा कोणीतरी लागतो. कुंकू फिकट झालं की पुन्हा लावतात.

माझ्या फायलीत तो अजून तसाच हसतो, कोऱ्या कपाळाने. सगळी टीम जागेवर आहे. तरी मावशींचा फोन ठेवला की माझ्या पोटात दुखतंच. ते वाण माझं होतं.