गिअरची मूठ

सोनईच्या डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात माझ्या लेकीचा घसा पाहिला. आत पांढरट पापुद्रा धरला होता. घटसर्प आहे, म्हणाले, त्याचं इंजेक्शन नगरलाच मिळेल, आत्ताच्या आत्ता न्या. लेक जेमतेम चालायला-बोलायला लागलेली. तिचा गळा दोन्ही बाजूंनी सुजला होता आणि प्रत्येक श्वासाला शीळ घातल्यासारखा आवाज येत होता.

दुपारची एसटी निघून गेली होती. माझे थोरले दीर एका बागायतदाराकडे ड्रायव्हर होते. ते मालकाची मोटार मागून घेऊन आले. जुनी, इंग्रजी बनावटीची गाडी. मालक तिला कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. तरी त्यांनी दिली.

घोडेगावच्या अलीकडे ओढ्याच्या उतारावर दिरांनी गिअर बदलला, खाली काहीतरी करकरलं आणि गाडी जागीच थांबली. गिअरचा दांडा हलेना. ढकलून पाहिली, तर चाकं फिरेनात. दोन गिअर एकदम अडकलेत, दीर म्हणाले. दांड्याभोवतीचा पत्रा उचलून आतून एक मागे सारला की सुटेल. माझे यजमान दुसरी गाडी बघायला घोडेगावाकडे पळत सुटले. मागे उरलो मी, दीर आणि लेक.

पत्र्याचे स्क्रू निघाले. पण पत्रा वर काढायचा तर आधी दांड्याच्या टोकाची मूठ काढायला हवी होती. पिवळसर, हस्तिदंतासारखी दिसणारी गोल मूठ, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. ती आट्यांवर गंजून बसली होती. दिरांनी उपरण्यात धरून पिळली. घासलेट चोळलं, पुन्हा पिळली. पान्याच्या दातांनी तिच्यावर ओरखडा उठेल म्हणून मध्ये फडकं घातलं, तर पाना सटकला आणि त्यांच्या बोटांची सालटी निघाली.

लेकीचे ओठ निळे पडायला लागले होते. मी तिला खांद्यावर उभी धरली, पदरानं वारा घातला. रस्त्यावर दोन्ही बाजूंना काही दिसत नव्हतं. वाळलेली रानं, बस्स. तिच्या दोन श्वासांमधलं अंतर वाढलं की माझाही श्वास थांबायचा.

आमच्या घरात सून थोरल्या दिरांशी बोलत नसे. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी डोक्यावरचा पदर कुठे होता, तेही मला ठाऊक नाही.

"भावजी, फोडा ती मूठ."

त्यांनी वळून पाहिलं. म्हणाले, "मालकाची हाय. माझं काम जाईल."

"माझी पोर चाललीय, भावजी."

ते खाली उतरले, ओढ्यातला एक दगड घेऊन आले. डाव्या हातानं दांडा घट्ट धरला आणि घाव घातला. पहिल्याला नुसता टवका उडाला. मग ते वेड्यासारखे मारत सुटले. मुठीचे तुकडे माझ्या मांडीवर येऊन पडले. दांड्यावर आतली पितळी नळी तेवढी राहिली, तिच्यावरून पत्रा निघाला. त्यांनी आत पेचकस घालून जोर लावला. खट्‌ असा आवाज झाला आणि गाडी आपोआप पुढे सरकली.

माझे यजमान वाटेत भेटले. त्यांना कुठलीच गाडी मिळाली नव्हती. धावती गाडी जरा हळू झाली, ते आत चढले. नगर येईपर्यंत दीर त्या उघड्या पितळेवर सोललेल्या हातानं गिअर टाकत होते.

सरकारी दवाखान्यात तिला माझ्या हातातून ओढूनच घेतलं. गळ्याला भोक पाडून नळी बसवली, इंजेक्शन दिलं. जगेल का, असं मी नर्सला विचारलं. ती माझ्यासाठी एक स्टूल सरकवून गेली. त्या स्टुलावर बसून मी किती दिवस काढले, ते मला सांगता येत नाही. तिच्या गळ्यातल्या नळीचं तोंड तेवढं डोळ्यांपुढे आहे.

लेक वाचली. दिरांचं काम मात्र गेलं. मालकांनी रागही केला नाही, उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणाले. दीर पुढे नागापूरला एका कारखान्यात लागले. ते घरी आले की मी त्यांच्याशी समोर बसून बोलायचे. सासूबाईंना ते आवडत नसे, पण त्यांनी मला कधी अडवलं नाही.