निशाणवालीचा गुडघा

जुरेमा जिना पाठमोरी उतरते. कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत. शेजारणी हसतात, ती त्यांना एक सणसणीत शिवी हासडते आणि उतरत राहते. रिओच्या उपनगरातल्या आपल्या सांबा मंडळाचं निशाण तिने एकोणीस कार्निव्हल नाचवलं, त्यातले शेवटचे सहा मोडक्या गुडघ्यावर. सरावात गुडघा गेला तेव्हा तिला नाच शिकवणाऱ्या वस्तादांनी तिला इंजेक्शन टोचून घ्यायला लावलं आणि म्हणाले, "निशाण थांबत नसतं." ती नाचली. हे वाक्य आपण कुठल्याही पोरीला ऐकवायचं नाही, एवढं तिने तेव्हाच ठरवलं होतं.

पुढे ती निशाणाच्या जोडीचा नाच बसवू लागली. निशाणवाली पस्तीस किलोचा घागरा अंगावर घेऊन गरगर फिरते, जोडीदार तिच्याभोवती नाचतो, आणि कापड काठीला एकदा जरी गुंडाळलं तरी परीक्षक गुण कापतात. जुरेमाच्या चौदा वर्षांत ते एकदाही गुंडाळलं नाही. ती खुर्चीत बसून शिकवायची, हातात झाडूचा दांडा, त्याला टॉवेल बांधलेला. "मनगट मेलंय का तुझं? वारा कुठून येतोय ते आधी गालाला विचार."

तायनारा तिच्याकडे आली नवव्या वर्षी. रोज आल्या आल्या वाकायची, "मावशी, आशीर्वाद दे," आणि मगच दांड्याला हात. एकविसाव्या वर्षी ती मंडळाची मुख्य निशाणवाली झाली.

मिरवणुकीला चार दिवस राहिले असताना, दुपारच्या सरावात तिचा डावा गुडघा कटकन वाजला. जुरेमाने तो आवाज लगेच ओळखला. डॉक्टर म्हणाले, "आत्ता नाचलीस तर पुन्हा कधीच नाचणार नाहीस."

मंडळ गेल्या वर्षी कसंबसं तरलं होतं. यंदा घसरलं तर थेट खालच्या गटात. दुसरी निशाणवाली जिल्मारा डाव्या फिरकीला हमखास कापड गुंडाळून बसायची. अध्यक्ष वाल्मीर म्हणाला, "तुम्हीच ठरवा, जुरेमाबाई. पोरगी तुमची, निशाण मंडळाचं." एवढं बोलून तो नामानिराळा झाला.

तायनारा बाकावर पाय लांब करून बसली होती.

"मावशी, तू सांगशील ते करीन. हे दुखणं तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

जिल्माराला नाचू दे, एवढंच जुरेमाला म्हणायचं होतं. तिची नजर भिंतीशी उभ्या निशाणावर गेली.

"निशाण थांबत नसतं, पोरी."

आपल्या तोंडून वस्ताद बोलले हे तिला कळलं. तिला स्वतःची किळस आली. पण तिने शब्द परत घेतले नाहीत.

"बरं," तायनारा म्हणाली.

चारही परीक्षकांनी दहापैकी दहा दिले. मंडळ वाचलं. तायनाराला मिरवणुकीच्या रस्त्याच्या टोकावरून दोघांनी उचलून नेलं. पुढे दोन ऑपरेशनं झाली, पण पाय काही नीट वाकला नाही.

जूनमध्ये मंडळाच्या माडीवर जिल्माराच्या हाती निशाण दिलं. रिवाजाप्रमाणे ती ते घेऊन सगळ्यांपुढून गेली आणि प्रत्येकाने त्याचा काठ ओठांना लावला. तायनारानेही लावला, काखेतली कुबडी सावरत. मग ती जुरेमाच्या खुर्चीपाशी आली. जुरेमाचा हात सवयीने आशीर्वादाला वर गेला.

तायनारा वाकली नाही.

"जिना कसा उतरायचा ते दाखव, मावशी," ती म्हणाली. "मला आता सरळ उतरता येत नाही."

जुरेमाने हात खाली घेतला. दोघी जिन्याच्या तोंडाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"दुखरा पाय आधी टाक," जुरेमा म्हणाली. मग तिने कठडा धरला आणि आपला मोडका पाय खालच्या पायरीवर टाकून दाखवला.