शुद्ध वंशाची वही

निवृत्त पोस्टमन तोकुजी यांच्या परसात मेदाका या इवल्या जपानी माशांची एकवीस थर्माकोलची खोकी होती आणि घरात अकरा वर्षांच्या सात वह्या. मासे सगळे एकाच निळसर पाठीचे, म्हणून ओळख फक्त झाकणावरच्या नंबराची. कुठल्या नराला कुठली मादी दिली, अंडी कधी पडली, सगळं तारीखवार. एक पिल्लू इकडचं तिकडे झालं तर हा माणूस जेवायचा नाही.

रविवारी कुराशिकी शहरातल्या मासेमंडळात त्यांचं 'शुद्ध वंश' या विषयावर भाषण होतं. सकाळी मिसो सूपची वाटी पुढ्यात ठेवून ते सराव करत होते. "चौदा नंबर! नववी पिढी! बाहेरचं रक्त नाही!"

"अहो, पण वादळात झाकणं उडाली होती ना," शेंगा सोलता सोलता बायको मिसाए म्हणाली.

"कुठल्या वादळात?"

"तुमचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा. सहा वर्षं झाली की. शेजारच्या शेतातून गोळा केली आणि एकपासून एकवीसपर्यंत ओळीने लावून टाकली. खोकी तेवढी परसात साचलेल्या पाण्यावर तरंगून इकडेतिकडे झाली होती, कुठलं झाकण कुठल्या खोक्याचं ते कळत नव्हतं."

तोकुजींच्या हातातली वही वाटीत पडली. सहा वर्षं! चार वह्या!

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलणारच होते. पण दवाखान्यातून आलात ते थेट परसात गेलात, नंबर वाचलेत आणि म्हणालात, 'मिसाए, सगळं जिथल्या तिथे! शाबास!'" तिने शेंग मोडली. "चाळीस वर्षांच्या संसारातली पहिली शाबासकी. ती परत कशी करणार होते मी?"